पिंजऱ्यातील फिंच पक्षी : पिसे उपटणे आणि भांडणे – कारणे, ओळख व उपाय

पाळलेल्या फिंच पक्ष्यांपैकी एखाद्याच्या डोक्यावर किंवा मानेमागे टक्कल दिसू लागते. दोन दिवसांनी पिंजऱ्याच्या तळाशी शेपटीची पिसे पडलेली आढळतात आणि एक पक्षी दांडीवर न बसता खाली कोपऱ्यात अंग फुगवून बसून राहतो. पुष्कळ घरांत हा त्वचेचा रोग समजून खोबरेल तेल किंवा एखादे मलम लावले जाते. काही घरांत पक्षी आपसांत खेळत आहेत असे मानून दुर्लक्ष केले जाते. या दोन्ही गोष्टी पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतात. झेब्रा फिंचचे वजन बारा ग्रॅमच्या आसपास असते आणि त्याच्या अंगातील सगळे रक्त मिळून सुमारे एक मिलिलिटर भरते. चोचीने झालेल्या जखमेतून गेलेले काही थेंबही त्याला पुरेसे घातक ठरतात. शिवाय मारला जाणारा पक्षी दाण्याच्या भांड्यापर्यंत पोहोचू शकत नाही, आणि इतक्या लहान पक्ष्याला एक दिवसाचा उपासही सोसत नाही. म्हणून टक्कल दिसताच त्याचे कारण शोधणे आणि त्या कारणानुसार उपाय करणे आवश्यक ठरते.

कोणते पक्षी, कोणता स्वभाव

आपल्याकडे पाळल्या जाणाऱ्या फिंच पक्ष्यांत चार जाती मुख्य आहेत. झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियातील पक्षी. तेथील कोरड्या प्रदेशात पाऊस झाला, गवताला बी धरले, की तो लगेच विणीला लागतो. ही सवय पिंजऱ्यातही जात नाही. घरटे आणि भरपूर दाणे मिळाले की तो बारा महिने अंडी घालू पाहतो आणि घरट्याच्या आसपास कोणालाही फिरकू देत नाही. दुसरा बेंगालीज फिंच. नावात बंगाल असला तरी तो बंगालचा नव्हे. पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून चीन व जपानमध्ये माणसाने तयार केलेली ही पाळीव जात आहे. ती अत्यंत गरीब स्वभावाची असून बहुधा मार खाणाऱ्या बाजूलाच असते. तिसरा गोल्डियन फिंच, उत्तर ऑस्ट्रेलियातील बहुरंगी पक्षी. त्याच्या डोक्याचा रंग लाल, काळा किंवा पिवळसर असतो. लाल डोक्याचे नर काळ्या डोक्याच्या नरांवर वरचढ ठरतात, असे या पक्ष्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. चौथा जावा चिमणी. जावा व बाली बेटांवरील हा पक्षी झेब्रा फिंचच्या सुमारे दुप्पट वजनाचा आणि जाड, दणकट चोचीचा असतो.

हे सर्व पक्षी थव्याने राहणारे आहेत. एकमेकांना चिकटून बसणे आणि एकमेकांच्या डोक्यावरची पिसे चोचीने साफ करणे ही झेब्रा व बेंगालीज फिंचची नेहमीची वागणूक आहे. त्यामुळे एक पक्षी दुसऱ्याच्या पिसांना चोच लावतो एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. साफसफाईत दुसरा पक्षी मान पुढे करून डोळे अर्धवट मिटतो. उपटणे असेल तर तो दचकतो, ओरडतो आणि उडून जातो. हा फरक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचा कोणताही निर्णय करू नये.

पिसे कशामुळे गेली, हे कसे ओळखावे

टक्कल कोठे पडले आहे यावरून निम्मे निदान होते. पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यावर आणि मानेच्या मागच्या भागावर पोहोचत नाही. तेथील पिसे गेली असतील आणि अंगावर इतरत्र ती शाबूत असतील, तर ती बहुधा दुसऱ्या पक्ष्याने उपटली आहेत. पाठ, कंबर आणि शेपटीचे मूळ उघडे पडले असेल तर मागून पाठलाग करणारा पक्षी पिंजऱ्यात आहे असे समजावे. पोपट कुळातील पक्षी एकटेपणाला कंटाळून स्वतःची पिसे उपटतात, तसे फिंच पक्ष्यांत क्वचितच घडते. छातीवरील किंवा पंखाखालील पिसे जात असतील तर मात्र खाज आणणारे किडे किंवा त्वचेचा विकार यांचा विचार करावा लागतो.

पिसे गळण्याचे नैसर्गिक कारण म्हणजे वार्षिक पीसगळ. ती दोन्ही बाजूंना सारखी होते, हळूहळू होते, आणि जुने पीस पडते तेथे नव्या पिसाचा कोंब लगोलग दिसतो. पीसगळीत पक्षी थोडा सुस्त होतो, पण त्याच्या डोक्यावर लखलखीत टक्कल सहसा पडत नाही.

किड्यांची शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. रात्री पिंजऱ्यावर पांढरे सुती कापड टाकावे आणि पहाटे उजाडण्यापूर्वी त्याच्या घड्या उघडून पाहाव्यात. लाल किंवा तपकिरी रंगाचे, टाचणीच्या टोकाएवढे हलणारे ठिपके दिसले तर ते रक्त शोषणारे लाल किडे होत. ते दिवसा दांड्यांच्या टोकांत, घरट्याच्या फटींत लपतात आणि रात्री पक्ष्यांवर चढतात. रात्रभर झोप न झालेले पक्षी दिवसा चिडखोर होतात. म्हणजे भांडणाचे मूळही कधीकधी या किड्यांतच सापडते. अशा वेळी पिंजरा, दांड्या, घरटी उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावीत. औषध मात्र पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. बारा ग्रॅमच्या पक्ष्याला एक थेंब कमी की जास्त, यात जीव वाचणे आणि जाणे एवढे अंतर असते.

श्वास घेताना टकटक आवाज येणे, गाणे बंद होणे, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होणे ही श्वसनमार्गातील किड्यांची किंवा संसर्गाची लक्षणे आहेत. त्यांनी टक्कल पडत नाही. पण आजारी पक्षी दुबळा होतो आणि दुबळ्याला थवा हुसकावतो. त्यामुळे मार खाणारा पक्षी आधीपासूनच आजारी तर नव्हता ना, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा.

यानंतर निरीक्षण. पिंजऱ्यापासून आठ-दहा फुटांवर स्वस्थ बसून सकाळी अर्धा तास आणि सूर्यास्तापूर्वी अर्धा तास पाहावे. माणूस समोर असला की पक्षी सावध असतात, म्हणून मोबाइल फोन लावून ठेवून चित्रण केले तर अधिक खरे चित्र मिळते. कोण कोणाच्या मागे लागतो, आणि कोठे, दाण्याच्या भांड्याशी, घरट्याशी की झोपण्याच्या दांडीवर, हे तीन दिवस वहीत लिहून ठेवावे. उपाय त्या नोंदीतूनच सापडतो.

दुसऱ्याची पिसे उपटण्याची कारणे

पहिले आणि सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे घरट्यासाठी साहित्य नसणे. विणीला आलेली जोडी घरट्यात मऊ अस्तर घालू पाहते. ते मिळाले नाही तर शेजारच्या पक्ष्याच्या अंगावरची पिसेच साहित्य म्हणून काढून नेली जातात. घरट्यात वेगळ्या रंगाची पिसे दिसली तर हे कारण निश्चित समजावे. उपाय सोपा आहे. सुके मऊ गवत, स्वच्छ काथ्या आणि असल्यास धुतलेली पांढरी पिसे पिंजऱ्यात मुबलक ठेवावीत. काथ्याचे किंवा तागाचे तुकडे बोटाच्या लांबीपेक्षा मोठे नसावेत. लांब धागा पायात गुंडाळला की पाय सुजतो आणि काही दिवसांत निकामी होतो. कापूस, शिवणकामाचा दोरा आणि केस यांपासून दूर राहावे. अंडी घातली गेल्यावर उरलेले साहित्य काढून घ्यावे, नाहीतर काही जोड्या अंड्यांवरच नवे घरटे बांधत सुटतात.

दुसरे कारण दाटी. दोन फुटांच्या पिंजऱ्यात सहा-सात पक्षी ठेवले तर हरणाऱ्याला पळायला जागा राहत नाही. मोकळ्या रानात पाठलाग दोन क्षणांत संपतो. पिंजऱ्यात तोच पाठलाग दिवसभर चालतो.

तिसरे कारण आहारातील उणीव. पिसे केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात. केवळ कोरड्या दाण्यांवर ठेवलेल्या पक्ष्यांना आवश्यक प्रथिने, कॅल्शियम आणि 'अ' जीवनसत्त्व कमी पडते. नव्या पिसाच्या कोंबात रक्त असते. असे कोंब तोडून खाण्याची चटक एखाद्या पक्ष्याला लागली तर ती मोडणे कठीण जाते.

चौथे कारण रिकामा वेळ. रानात दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात जातो. पिंजऱ्यात भांडे भरलेले असते आणि करण्यासारखे काही नसते. गवताच्या बियांसह तुरे टांगणे, राळ्याचे कणीस देणे, तळाशी पसरट ताटलीत दाणे व वाळू मिसळून ठेवणे आणि रोज आंघोळीचे पाणी देणे, इतक्यानेही पक्षी कामाला लागतात.

आईबापच पिल्लांची पिसे उपटतात तेव्हा

घरट्याबाहेर आलेल्या पिल्लांच्या डोक्या-पाठीवर टक्कल दिसले तर बहुधा आईबापांनाच दुसऱ्या विणीची घाई झालेली असते. झेब्रा फिंचची मादी चार ते सहा अंडी घालते. सुमारे तेरा दिवसांनी पिल्ले फुटतात, अठरा ते एकवीस दिवसांची झाल्यावर घरट्याबाहेर पडतात आणि पस्तीस-चाळीस दिवसांची झाल्यावर स्वतः दाणे फोडून खाऊ लागतात. मधल्या दोन-तीन आठवड्यांत ती आईबापांवर अवलंबून असतात, आणि नेमके याच वेळी मादीला पुढच्या अंड्यांचे वेध लागतात.

अशा वेळी पिल्ले लगेच वेगळी केली तर ती उपाशी मरतील. पिंजऱ्यात जाळीची आडवी भिंत घालावी आणि पिल्ले एका बाजूला ठेवावीत. आईबाप जाळीतून त्यांना भरवतात, पण पाठीवर चोच पोहोचत नाही. ते भरवत आहेत याची खात्री संध्याकाळी पिल्लांच्या गळ्याशी असलेली दाण्यांची पिशवी भरलेली पाहून करता येते. जाळी शक्य नसेल तर जुने घरटे काढून टाकावे, नव्या घरट्यासाठी साहित्य आणि पिसे द्यावीत, म्हणजे लक्ष तिकडे वळते. पिल्ले स्वतः खात आहेत हे तीन-चार दिवस पाहिल्यावरच त्यांना दुसऱ्या पिंजऱ्यात हलवावे.

पिल्ले आईबापांबरोबर फार दिवस ठेवणेही योग्य नाही. झेब्रा फिंचच्या पिल्लांची चोच काळी असते. ती नारिंगी होऊ लागली की बाप आपल्याच मुलाला प्रतिस्पर्धी मानू लागतो, असा पाळणाऱ्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे. तिसऱ्या महिन्यात ती स्वतः विणीस सक्षम होतात, आणि भावाबहिणींच्या जोड्या जमू लागतात. वर्षाला दोन, फार तर तीन विणी पुरेत. त्यानंतर घरटी काढून ठेवावीत. सतत अंडी घालणारी मादी कॅल्शियम कमी पडून अंडे अडकल्याने दगावू शकते.

भांडणे कशावरून होतात

फिंच पक्ष्यांतील बहुतेक भांडणे घरटे, जोडीदार आणि बसण्याची जागा या तीन गोष्टींवरून होतात. त्यातही जोडीचे गणित चुकणे हे आपल्याकडचे मोठे कारण आहे. दुकानातून 'जोडी' म्हणून आणलेले दोन पक्षी पुष्कळदा दोन नर निघतात. झेब्रा फिंचच्या नराच्या गालावर तांबूस-नारिंगी डाग, छातीवर काळे पट्टे आणि कुशीवर तपकिरी रंगात पांढरे ठिपके असतात, व त्याची चोच गडद लाल असते. मादीला हे रंग नसतात आणि तिची चोच फिकट नारिंगी असते. पूर्ण पांढऱ्या झेब्रा फिंचमध्ये मात्र चोचीच्या रंगावरूनच ओळखावे लागते. बेंगालीज फिंचचे नर-मादी दिसायला एकसारखे असतात. मान ताठ करून, पिसे फुलवून गातो तो नर, एवढीच खूण. म्हणून खरेदीपूर्वी दुकानात पंधरा मिनिटे थांबून कोण गातो हे ऐकावे.

तीन पक्षी ठेवणे ही सर्वांत वाईट संख्या आहे. दोघांची जोडी जमते आणि तिसरा दोघांचाही मार खातो. एक जोडी ठेवावी, किंवा मोठा पिंजरा असल्यास तीन वा अधिक जोड्या ठेवाव्यात. दोन जोड्यांत एक जोडी दुसरीला दाबून टाकते. जोड्या तीन-चार असल्या की राग विभागला जातो. वीण नको असेल तर केवळ नर किंवा केवळ माद्या एकत्र ठेवून घरटे अजिबात न देणे हा चांगला मार्ग आहे. घरटे नसले की भांडणाचा निम्मा विषय संपतो.

पायातील रंगीत कड्यांचाही संबंध सांगितला जातो. नॅन्सी बर्ली या संशोधिकेने १९८०च्या दशकात दाखवले, की झेब्रा फिंचच्या माद्या लाल कडे घातलेल्या नरांना पसंती देतात. इतर काही प्रयोगांत लाल कड्याचे नर हिरव्या कड्याच्या नरांवर वरचढ ठरलेले दिसले. पुढे अन्य संशोधकांनी केलेल्या मोठ्या प्रयोगांत असा परिणाम आढळला नाही. वाद मिटेपर्यंत घरगुती पाळणाऱ्याने सर्व पक्ष्यांना एकाच रंगाची कडी वापरावीत. त्यात तोटा काहीच नाही.

भिन्न जाती एकत्र ठेवताना स्वभाव आणि आकार जुळवावा. धीट झेब्रा फिंच आणि गरीब बेंगालीज लहान पिंजऱ्यात एकत्र ठेवले तर बेंगालीजची पिसे जातात. जावा चिमणीला लहान फिंचबरोबर ठेवू नये. आणि आपल्याकडे दुकानांतून 'लव्ह बर्ड्स' या नावाने सरसकट विकले जाणारे बजरीगर फिंचबरोबर कधीही ठेवू नयेत. ते पोपट कुळातील असून त्यांच्या आकडेदार चोचीच्या एका चाव्याने फिंचचा पाय तुटतो. दुकानात ते एका पिंजऱ्यात दिसले म्हणून घरी तसे करावे, असे नाही.

पिंजरा व मांडणी

फिंच आडवे उडतात. त्यामुळे पिंजऱ्याच्या उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. एका जोडीसाठी लांबी किमान ७५ सेंटिमीटर, रुंदी व उंची ४० ते ४५ सेंटिमीटर असावी. पुढच्या प्रत्येक जोडीसाठी जागा त्या प्रमाणात वाढवावी. गोल पिंजरा शोभेचा असतो, उपयोगाचा नसतो. त्यात लपायला कोपरा मिळत नाही. गजांतील अंतर सव्वा सेंटिमीटरहून अधिक नसावे.

मांडणी करताना पुढील नियम पाळावेत.

– दाण्याची व पाण्याची भांडी किमान दोन-दोन असावीत आणि पिंजऱ्याच्या विरुद्ध टोकांना ठेवावीत. एक दांडगा पक्षी एकाच वेळी दोन भांडी अडवू शकत नाही.
– झोपण्याच्या दांड्या एकाच उंचीवर असाव्यात. सर्वांत उंच दांडी एकच असली की रोज संध्याकाळी तिच्यासाठी मारामारी होते.
– वीण करायची असेल तर जोड्यांच्या दुप्पट घरटी द्यावीत, ती सारख्या बनावटीची आणि एकाच उंचीवर, एकमेकांपासून दूर टांगावीत. लहान मडकी, बांबूच्या टोपल्या किंवा नारळाच्या करवंट्या यांपैकी काहीही चालते.
– मध्ये पानांच्या डहाळ्या बांधून आडोसे करावेत. पाठलाग करणाऱ्याच्या नजरेआड होणे हे मार खाणाऱ्याचे पहिले संरक्षण आहे. डहाळीवर कीटकनाशक फवारलेले नाही याची खात्री करावी.

प्रकाशाकडेही लक्ष द्यावे. दिवस लांबला की विणीची आणि त्याबरोबर भांडणाची ऊर्मी वाढते. पणजीत वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा, तर ग्वाल्हेरला पावणेचौदा तासांच्या आसपास असतो. परंतु बैठकीच्या खोलीत रात्री अकरापर्यंत दिवे आणि दूरदर्शन संच चालू असेल, तर तेथे टांगलेल्या पिंजऱ्यातील पक्ष्यांचा दिवस सतरा तासांचा होतो. झोप अपुरी आणि ऊर्मी जास्त, असे दुहेरी संकट ओढवते. सूर्यास्तानंतर पिंजरा शांत, अंधाऱ्या खोलीत हलवावा किंवा हवा खेळती राहील असे कापड टाकावे. दहा ते बारा तास अंधार मिळाला की पुष्कळ भांडणे आपोआप निवतात.

आहार

मुख्य धान्य म्हणजे राळा. दुकानात तो 'कांगणी' म्हणून मिळतो, आणि बेळगावकडे तो 'नवणे' या नावाने परिचित आहे. त्याच्या जोडीला वरी, सावा व थोडी नाचणी असे मिश्रण द्यावे. रिकामी टरफले वर साचून भांडे भरलेले दिसते आणि पक्षी उपाशी राहतात, म्हणून रोज फुंकर मारून टरफले उडवावीत.

पीसगळीत, विणीत आणि उपटलेली पिसे परत येण्याच्या काळात आठवड्यातून तीन-चार वेळा उकडलेले अंडे बारीक कुस्करून द्यावे. आपल्या हवेत ते दोन तासांत काढून घ्यावे. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला धुऊन रोज थोडा द्यावा. कॅल्शियमसाठी समुद्रफेन, म्हणजे माकुळासारख्या जलचराच्या पाठीतील पांढरे कवच, पिंजऱ्यात अडकवावे. गोव्याच्या व कोकणाच्या किनाऱ्यावर ते वाहून आलेले सापडते. तसे आणले तर दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून, कडक उन्हात वाळवावे. अव्होकॅडो, म्हणजे बटरफ्रूट, पक्ष्यांना विषारी आहे. चॉकलेट, खारे पदार्थ आणि चहा-कॉफीही देऊ नये.

पावसाळ्यात कोकण-गोव्यातील दमट हवेत दाण्यांना बुरशी लवकर लागते. मिरगापासून चवथीपर्यंत एकदम मोठा साठा करू नये. वास बदललेले, गुठळ्या झालेले दाणे फेकून द्यावेत. याउलट इंदूर व ग्वाल्हेरच्या कोरड्या हिवाळ्यात त्वचा शुष्क होते. तेथे दुपारच्या उन्हाच्या वेळी, दोन-तीन सेंटिमीटर खोल पसरट भांड्यात, आंघोळीचे पाणी अवश्य ठेवावे.

प्रत्यक्ष उपाय : पायरीपायरीने

रक्त दिसत असेल, पक्षी तळाशी बसून असेल, किंवा दोन पक्षी चोचीत चोच अडकवून खाली पडत असतील तर निरीक्षणात वेळ घालवू नये. जखमी पक्ष्याला तत्काळ वेगळ्या लहान पिंजऱ्यात ठेवावे. वाहणाऱ्या जखमेवर कॉर्नफ्लोअर किंवा मैदा टाकून स्वच्छ कापसाने हलकेच दाबून धरावे. छातीवर दाब देऊ नये. पक्ष्याचा श्वास छातीच्या हालचालीवर चालतो. पिंजऱ्याच्या एका टोकाशी बल्ब लावून तेथील तापमान तीस अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावे आणि दुसरे टोक गार ठेवावे, म्हणजे पक्ष्याला हवे तेथे बसता येते. दाणे व पाणी तळाशी, त्याच्या चोचीजवळ ठेवावे. तेल, व्हॅसलीन, माणसांची मलमे लावू नयेत. ती पिसांना चिकटतात, अंगाची ऊब जाते, आणि पिसे साफ करताना पक्षी ती गिळतो. रक्त थांबत नसेल किंवा पक्षी खात नसेल तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

जखम नसून केवळ टक्कल व पाठलाग असेल तर पुढील क्रम ठेवावा.

पहिल्या दिवशी घरटी काढून घ्यावीत. घरट्यात अंडी वा पिल्ले असतील तर मात्र ती जोडी तेथेच ठेवून इतर पक्षी हलवावेत. दाण्याची व पाण्याची भांडी वाढवावीत, आडोसे बांधावेत, प्रकाशाचे तास कमी करावेत. आठवडाभर पाहावे. एवढ्याने फरक पडला तर कारण मांडणीत होते.

फरक पडला नाही तर दांडगाई करणाऱ्या पक्ष्याला वेगळे करावे. येथे नेहमी चूक होते, ती म्हणजे मार खाणाऱ्यालाच बाहेर काढले जाते. मग दांडगा पक्षी दुसरे लक्ष्य शोधतो आणि आठवड्याने दुसऱ्याच्या डोक्यावर टक्कल दिसते. मार खाणारा जखमी नसेल तर तो आपल्या जागी राहावा. दांडग्याला दोन ते चार आठवडे अशा पिंजऱ्यात ठेवावे, की त्याला इतरांचा आवाज ऐकू येईल. फिंच हा थव्यातला पक्षी असल्याने त्याला कायमचे एकटे ठेवणे ही क्रूरताच होईल. परत सोडण्यापूर्वी दांड्या-भांड्यांच्या जागा पूर्ण बदलाव्यात. आपला ताबा असलेली जागाच उरली नाही की त्याचा दरारा कमी होतो. दोनदा असे करूनही तो सुधारला नाही, तर त्याला एखाद्या शांत जोडीदाराबरोबर स्वतंत्र पिंजरा द्यावा. कित्येक पक्षी थव्यात भांडखोर असतात आणि जोडीत सुखाने राहतात.

मुळासकट निघालेले पीस बहुधा चार ते सहा आठवड्यांत परत येते. मध्येच तुटलेले पीस मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत तसेच राहते. सहा आठवडे वेगळे, चांगल्या आहारावर ठेवूनही टकलावर कोंब दिसत नसतील, तर कारण उपटणे नसून आजार आहे असे धरून पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

नवा पक्षी आणताना

नवा पक्षी निदान तीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा. नंतर काही दिवस दोन पिंजरे शेजारी ठेवावेत. एकत्र करण्याच्या दिवशी सकाळी जुन्या पक्ष्यांनाही बाहेर काढावे, मांडणी बदलावी आणि सर्वांना एकदमच आत सोडावे. संध्याकाळी नवा पक्षी सोडू नये. अंधार पडण्यापूर्वी त्याला दाणे-पाणी आणि झोपण्याची जागा सापडत नाही. विणीच्या मध्यावर तर नवा पक्षी आणूच नये.

कायद्याची बाजू

लाल मुनिया, ठिपकेवाली मुनिया, पांढऱ्या पाठीची मुनिया हे आपल्या शेतात-कुंपणात दिसणारे पक्षी फिंचचेच जवळचे नातलग आहेत. लाल मुनियेचे 'अमांडावा' हे शास्त्रीय नाव तर अहमदाबाद शहराच्या नावाचा अपभ्रंश आहे. पूर्वी तेथून हे पक्षी परदेशी पाठवले जात. आज १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी मुनिया पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. त्यांना रंग फासून परदेशी पक्षी म्हणून विकण्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. पाण्याने रंग उतरणारा किंवा माणसाला पाहून गजांवर आपटणारा 'स्वस्त फिंच' घेऊ नये. परदेशी जातींपैकी जावा चिमणीचे नाव 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. अशा प्रजाती बाळगणाऱ्यांनी २०२४च्या नियमांनुसार 'परिवेश' या शासकीय संकेतस्थळावर नोंद करणे आवश्यक आहे.

पक्षी आवरेनासे झाले म्हणून पिंजरा उघडून त्यांना 'मुक्त' करणेही योग्य नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या झेब्रा वा बेंगालीज फिंचला आपल्या रानात अन्न सापडत नाही, आणि कावळे-मांजरांपासून बचावही करता येत नाही. अधिकचे पक्षी जाणत्या पाळणाऱ्याकडे सोपवावेत. आणि पुढच्या वेळी घरटे टांगण्यापूर्वी, होणाऱ्या पिल्लांना ठेवायला आपल्याकडे दुसरा पिंजरा आहे काय, एवढा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर नाही असेल तर घरटे टांगू नये. पिसे उपटण्याची आणि भांडणांची बहुतेक प्रकरणे तेथेच थांबतात.